मामांना 4के दिसत नव्हतं

दांडिया बाजारातलं मामांचं दुकान म्हणजे दहा बाय चौदाची खोली. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, अधूनमधून कोर्टाचे अर्ज. निम्मं काम मराठी, निम्मं गुजराती. बडोद्यात यात नवल काही नाही. गायकवाडांच्या काळात इथे आलेल्या घरांतली मंडळी घरात मराठी बोलतात, बाजारात गुजराती, आणि पत्रिका छापायची वेळ आली की एका बाजूला ही आणि दुसऱ्या बाजूला ती मागतात. मी मामांचा भाचा, कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा करतो. दुकानातल्या दोन मशिनांपैकी एकाचं काही बिनसलं की फोन मला येतो.

गेल्या पावसाळ्यात बिनसलं ते मात्र बापलेकांचं. मामेभावाने मामांच्या टेबलावरचा 24 इंची फुल एचडी मॉनिटर उतरवून तिथे 27 इंची 4के आणून ठेवला. वाढदिवसाची भेट. विकणाऱ्याने त्याला सांगितलं होतं, "4के लई लो ने, पछी वांधो नहि आवे." वांधा तिसऱ्याच दिवशी आला. मामा म्हणाले, "मला काडीचा फरक दिसत नाही. उलट अक्षरं पुसट झालीत. माझा जुना परत लाव." मामेभावाचं म्हणणं असं, की आधी 20 लाख 73 हजार 600 पिक्सेल होते, आता 82 लाख 94 हजार 400 आहेत, चौपट होऊनही फरक दिसत नाही म्हणजे बाबा हट्टाला पेटलेत.

मला पंच म्हणून बोलावलं. खरं सांगतो, दुकानाची पायरी चढतानाच माझा निकाल ठरला होता: हट्टच आहे. पुढे काय निघालं ते क्रमाने लिहितो, कारण "4केचा फरक खरंच दिसतो का हो?" असं मला आठवड्यातून दोनदा तरी कुणी विचारतं, आणि आजवर मी त्याला एका वाक्यात वाटेला लावत आलो होतो.

केबल, आणि मग सॉफ्टवेअर

पहिली गोष्ट किरकोळ निघाली. माउसचा बाण फरफटत चालला होता. मशीन जुनं, त्यावरचं मॉनिटर जोडायचं एचडीएमआयचं भोक 1.4 चं. त्यातून 4के चित्र सेकंदाला 30 वेळाच जातं; 60 हवं तर एचडीएमआय 2.0 लागतं किंवा डिस्प्लेपोर्ट. मशिनाच्या मागे डिस्प्लेपोर्टचं भोक होतं, पण घेतल्या दिवसापासूनचं काळं प्लास्टिकचं टोपण त्यावर तसंच बसलेलं. नखाने टोपण काढलं, केबल बदलली, बाण सुतासारखा सरळ धावायला लागला. मामांनी मान डोलावली आणि म्हणाले, "ठीक. पण अक्षरं पुसटच आहेत."

मी जवळ जाऊन बघितलं. अक्षरं खरंच पुसट होती!

मामांचं डीटीपी (पानं लावायचं) सॉफ्टवेअर वीस वर्षांपूर्वीचं आहे. मराठी फाँटही तेव्हाचे, अक्षरांना सगळीकडे सारखेच संकेत देणाऱ्या युनिकोडच्या आधीचे. हजारो जुनी कामं त्यातच पडून आहेत आणि दुसरीकडे उघडली की 'विवाह'चं काहीतरी भलतंच होतं. त्या काळातलं सॉफ्टवेअर पडदा इंचाला 96 ठिपक्यांचा धरून चालतं. मामेभावाने विंडोजमध्ये 150 टक्के स्केलिंग, म्हणजे सगळं दीडपट मोठं दाखवणं, ठेवलं होतं, नाहीतर 4केवर सगळंच मुंगीएवढं दिसतं. नवी सॉफ्टवेअरं स्केलिंग समजून घेतात आणि अक्षर जास्त पिक्सेलांत नव्याने काढतात. जुन्याला ते कळत नाही. ते आपलं नेहमीसारखं चित्र काढतं आणि विंडोज ते चित्र दीडपट ताणून पडद्यावर चिकटवतं. एक पिक्सेल दीड पिक्सेलावर कसा बसवणार? कडेला करडा रंग सारवावा लागतो. शिरोरेषा म्हणजे अशा करड्या सारवणाचा पट्टाच झाली होती.

ताणणं बंद केलं तर अक्षरं लखलखीत झाली, पण मेनू जुन्या मॉनिटरवरच्या मानाने 56 टक्के आकाराचे झाले. मामा काही न बोलता खुर्चीतून उठले. स्केलिंग 200 टक्के केलं तर हिशोब सरळ बसतो, एकाचे चार. पण मग ते सॉफ्टवेअर 1920 बाय 1080 चंच, म्हणजे फुल एचडीचंच चित्र काढतं आणि ते 27 इंचावर पसरतं. म्हणजे इंचाला 82 ठिपके. मामांच्या जुन्या 24 इंचीवर इंचाला 92 होते. पैसे मोजून, पिक्सेल चौपट करून, मामांच्या हातात आधीपेक्षा जाडंभरडं चित्र आलं होतं.

तेव्हा पहिल्या फेरीत मामा जिंकले. मी तसं म्हणालोही.

मामेभाऊ ऐकेना. "ते सॉफ्टवेअरचं पाप झालं. मी नव्यात दाखवतो." त्याने तीच पत्रिका नव्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फाँटात उघडली आणि जुना 24 इंची शेजारी मांडला. मला फरक ढळढळीत दिसत होता. मामांनी दोन्हीकडे आळीपाळीने बघितलं. "सारखंच आहे रे."

आता खरा प्रश्न सुरू झाला.

शिंप्याची टेप

शेजारच्या शिंप्याकडून टेप आणली आणि मामांना म्हटलं, "तुम्ही नेहमी बसता तसे बसा." डोळ्यापासून पडदा 86 सेंटिमीटर. मामेभाऊ त्याच्या टेबलाशी बसतो तेव्हा 62. हा फरक टेबलाने केला होता. मामांचं टेबल डबडा मॉनिटरच्या जमान्यातलं, अडीच फूट खोल. तेव्हा पाऊण टेबल त्या डबड्याचं पोटच खायचं. डबडं गेलं, चपटा मॉनिटर आला, पण तो भिंतीला टेकवूनच ठेवला गेला, आणि मामा टेकून बसतात.

अंतराचा हिशोब अवघड नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे 6/6 म्हणतात ती नजर म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एक मिनिट, एवढ्या कोनातला तपशील वेगळा ओळखता येणं. हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरने 1862 साली तक्ता काढला तो याच मापावर: 6 मीटरवरून बघायचं अक्षर सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंच, आणि त्याची प्रत्येक रेघ त्याच्या पाचव्या भागाएवढी जाड. चष्म्याच्या लहान दुकानात 6 मीटर जागा नसते, म्हणून उलटा तक्ता डोक्यामागे लावून 3 मीटरवरच्या आरशात वाचायला लावतात. तो आरसा कशासाठी असतो असं लहानपणी मला वाटायचं, ते या हिशोबाच्या निमित्ताने कळलं.

मॉनिटरसाठी यातून एक सोपा गुणाकार निघतो. एका पिक्सेलची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, 344 ने गुणा. उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. त्या अंतराच्या पलीकडे 6/6 नजरेला पिक्सेल सुटा दिसायचा बंद होतो. मामांच्या जुन्या 24 इंची फुल एचडीचा पिक्सेल 0.277 मिलिमीटर, म्हणजे 95 सेंटिमीटर. 27 इंची 1440चा (2560 बाय 1440 पिक्सेल, फुल एचडी आणि 4केच्या मधला) 0.233, म्हणजे 80. 27 इंची 4केचा 0.156, म्हणजे जेमतेम 54.

फोनवाल्यांनी या बाबतीत लोकांच्या डोक्यात घोळ घालून ठेवलाय. 2010 साली आयफोन 4 दाखवताना स्टीव्ह जॉब्जने सांगितलं होतं, की दहा-बारा इंचांवर धरलेल्या फोनला इंचाला 300 च्या आसपास ठिपके झाले की डोळ्याची हद्द येते. हिशोब बरोबरच आहे. पण लोक तो 300 चा आकडा घेऊन मॉनिटरकडे बघतात. मामेभावाचंही तेच: "फोनवर चारशेच्या वर, आणि बाबांच्या मॉनिटरवर ब्याण्णव?" अरे, फोन हातभरही लांब नसतो, मॉनिटर तुझ्यापासून दोन फुटांवर आहे.

म्हणजे 86 सेंटिमीटरवर बसणाऱ्या मामांना जुन्या मॉनिटरचे पिक्सेल दिसण्याच्या अगदी काठावर होते. थोडा फरक दिसायला हवा होता, पण बराचसा पुढे वाया जाणार होता. 62 वर बसणाऱ्या मामेभावाला मात्र फरक दिसणारच, आणि 1440 पेक्षा 4के चांगलाही दिसणार.

पण 54 सेंटिमीटर झाले की पुढे काहीच दिसत नाही, असंही नाही. 6/6 ही काही कमाल नजर नव्हे. तरण्या माणसाला, चष्मा बरोबर असेल तर, 6/5 आणि त्याहून बारीकही वाचता येतं. शिवाय दोन रेघा एकमेकींपासून किंचित सरकल्या असतील तर ते डोळ्याला एका मिनिटाच्या कितीतरी आत, मिनिटाच्या सहाव्या-दहाव्या भागाइतकंही कळतं. व्हर्नियर कॅलिपर ज्या जोरावर वाचला जातो तीच ही नजर. तिरक्या रेघेच्या पायऱ्या म्हणूनच लांबूनही खुपतात. देवनागरीत तिरक्या आणि वळणाच्या रेघांना तोटा नाही.

सर्वांना

मी दोघांसमोर एक शब्द ठेवला: 'सर्वांना'. 'वां'वर रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी बसतात, खाली काना. 10 पॉइंटाचं अक्षर कागदावर छापलं जातं त्याच आकारात 27 इंची फुल एचडीवर दाखवलं, तर अख्ख्या अक्षराला वरपासून खालपर्यंत सव्वाअकरा पिक्सेल मिळतात. त्यातच शिरोरेषा, तिच्यावर रफार, मात्रा, टिंब. आणि खाली उकार आला तर तोही. अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम एक पिक्सेल येतो. रफार आणि टिंब एकमेकांत शिरून एक काळपट डाग होतो. 4केवर त्याच आकारात साडेबावीस पिक्सेल मिळतात: रफाराचा आकडा वेगळा, टिंब वेगळं, मध्ये पांढरं. (गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे जुन्या मॉनिटरवर पत्रिकेची गुजराती बाजू नेहमी मोकळी दिसायची. मामा यावर मजेने म्हणायचे की आमच्या अक्षरांना छप्पर आहे, म्हणून आत अंधार.)

अनुस्वाराचं दुखणं या दुकानात जुनं आहे. एकदा 'चि. सौ. कां.'वरचं टिंब उडालं आणि तीनशे पत्रिका पदरमोड करून पुन्हा छापाव्या लागल्या. त्या दिवसापासून मामा स्क्रीनवर प्रूफ वाचत नाहीत. 600 डीपीआयच्या, म्हणजे इंचाला 600 ठिपक्यांच्या लेझर प्रिंटवर, लाल बॉलपेन घेऊन वाचतात. "आपण स्क्रीन विकत नाही, कागद विकतो," हे त्यांचं वाक्य मामेभावाला पाठ आहे, आणि मॉनिटरच्या वादात ते निदान चारदा झालं.

शब्द नुसता दाखवून भागणार नव्हतं. मामेभावाने मॉनिटर आणलेला, त्याला फरक दिसायचाच होता. मामांना दिसायचा नव्हता. म्हणून एकाच 4के मॉनिटरवर दोन चित्रं केली. पत्रिकेचा तोच भाग एकदा पूर्ण बारकाईने काढला. दुसऱ्यांदा अर्ध्या बारकाईने काढून प्रत्येक पिक्सेल दोन बाय दोनचा केला. आकार तोच, उजेड तोच, रंग तोच. आधीच्या तुलनेत दोन वेगळे मॉनिटर होते, तेव्हा कुणी उजेडाला भुलला की रिझोल्यूशनला, हे कळायला मार्ग नव्हता. मी नाणं उडवून चित्र लावायचो. बघणाऱ्याने 'बारीक' किंवा 'जाड' म्हणायचं. प्रत्येक अंतरावर दहा वेळा.

मामेभाऊ: 62 सेंटिमीटरवर दहापैकी दहा, 90 वर नऊ, 120 वर सहा. दोन बाय दोनच्या ठिपक्याची हद्द हिशोबाने 107 येते, तेव्हा 120 वरचे सहा म्हणजे नाणंच. त्याला ते आवडलं नाही.

मामा, 86 वर: पाच.

हे मात्र हिशोबात बसेना. 86 ला निदान सात-आठ तरी यायला हवे होते. मी मामांना पुढे ओढलं, 65 वर बसवलं. सहा. चित्र जवळ आणूनही फरक नाही म्हटल्यावर मला पहिल्यांदाच मॉनिटरकडे न बघता मामांकडे बघायचं सुचलं.

मामा अठ्ठावन्नचे. प्रोग्रेसिव्ह चष्मा, वर लांबचं, खाली वाचायचं. मॉनिटर उंच स्टँडवर, त्याची वरची कड मामांच्या कपाळाशी. म्हणजे मामा दिवसभर मॉनिटरकडे चष्म्याच्या वरच्या भागातून बघत होते. तो भाग रस्त्यापलीकडची पाटी वाचायला केलेला. चाळिशीनंतर भिंगाची लवचिकता कमी होत जाते, साठीकडे झुकलेल्या डोळ्याला जवळचं फोकस करायला जवळपास काहीच उरत नाही. 65 सेंटिमीटरवरच्या वस्तूला दीड डायॉप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते माप) जास्त लागतो, 86 वर सव्वा डायॉप्टरच्या जरा कमी, आणि तो द्यायला ना डोळा तयार ना चष्म्याचा तो भाग. वरून पडद्यावर चौपट पिक्सेल ओतले तरी पडद्यामागे ओतल्यासारखंच.

"मामा, हनुवटी वर करा. चष्म्याच्या मधल्या भागातून बघा."

त्यांनी केली. 65 वर दहापैकी नऊ.

दुकानात थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग मामा म्हणाले, "म्हणजे मी गेली चार-पाच वर्षं..." आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी चहा सांगितला.

शेवटी काय केलं

4के मॉनिटर मामांच्या टेबलावरून निघाला आणि मामेभावाच्या टेबलावर गेला, जिथे तो पहिल्यापासून असायला हवा होता. त्याचं सॉफ्टवेअर नवं, बसायचं अंतर 62, आणि काम असं की पिक्सेल वाया जात नाहीत. सध्या तो एका घराण्याचे जुने मोडी कागद स्कॅन करून देतोय. 300 डीपीआयला ए4 कागद 3508 ओळी उंच होतो. एकास एक बघितला तर फुल एचडीवर त्याचा तिसरा हिस्साही मावत नाही, 4केवर जवळपास दोन तृतीयांश मावतो. बोरूने ओढलेल्या ओळीत शब्द कुठे तुटतो हे ठरवताना पानाचा एवढा भाग एका नजरेत असणं हे मला अनुस्वाराच्या टिंबापेक्षाही मोलाचं वाटलं. आणखी एक फायदा झाला, पण तो रिझोल्यूशनचा नव्हे, आकाराचा: 27 इंची पडदा साडेतेहेतीस सेंटिमीटर उंच, म्हणून 29.7 चा ए4 खऱ्या आकारात पूर्ण बसतो आणि वर टूलबारला जागा उरते. 24 इंचीची उंची 29.9. तिथे टूलबारने नेहमी पानाचा गळा धरलेला असायचा.

मामांच्या टेबलावर जुना 24 इंची परत आला. जुनं सॉफ्टवेअर त्यावर 100 टक्क्यांनी, न ताणता, जसं काढलं तसं दिसतं. मी तो स्टँडवरून उतरवला, वरची कड डोळ्यांच्या खाली येईल असा ठेवला आणि भिंतीपासून पुढे ओढला. आता अंतर 66. रावपुऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानात जाऊन मामांनी फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा दुसरा चष्मा करून घेतला. नंबर काढणाऱ्या मुलीला त्यांनी अंतर सांगितलं ते शिंप्याच्या टेपने मोजून नेलेलं, "सहासष्ट, वर-खाली दोन." ती हसली म्हणे, पण लिहून घेतलं.

खर्चाचं बोलायचं तर चष्मा मॉनिटरच्या मानाने फारच स्वस्तात झाला. मामेभावाला हे कुणी सांगत नाही.

नव्या चष्म्याने मामांची तीच परीक्षा पुन्हा घेतली. 65 वर दहापैकी दहा, 86 वर आठ. म्हणजे फरक त्यांना दिसतो. मग 4के त्यांच्यासाठी का नाही घेतला? कारण त्यांच्या सॉफ्टवेअरला तो वापरता येत नाही आणि ते सॉफ्टवेअर सोडायला ते तयार नाहीत. डोळ्याचं उत्तर वेगळं आलं, टेबलाचं वेगळं. त्यांना हवाच असता तर मी 27 इंची 1440 सुचवला असता: इंचाला 109 ठिपके, स्केलिंगची गरज नाही, मेनू जुन्यापेक्षा थोडेच लहान. विचारून बघितलं. "कशाला?" एवढंच म्हणाले.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा गणेशोत्सवाच्या स्मरणिकेची पानं लागत होती. देणगीदारांची यादी 8 पॉइंटात, चार कॉलम, सगळी आडनावं आणि आद्याक्षरं. मामा त्यांच्या जागेवरून उठून मामेभावाच्या मागे उभे राहिले. "मोठं करू नकोस. आहे तसंच दाखव." मामेभावाने पान खऱ्या आकारात आणलं. मामांच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता, ज्यातून हनुवटी वर करायची गरज नव्हती. तरी त्यांनी ती वर केली, यादीवरून नजर खाली नेली, आणि तिसऱ्या कॉलमवर बोट ठेवलं.

"हा 'घ' नाही, 'ध' आहे. बदल."